वेर्नात्सा : बंदराइतकाच वेळ वरच्या डोंगरालाही द्यावा

इटलीतील ला स्पेत्सिया शहरात मुक्काम असताना जवळच्या वेर्नात्सा या समुद्रकाठच्या गावासाठी दोन तास पुरतील का, बंदराखेरीज तिथे काय पाहावे आणि गावाचा इतिहास काय, असे आपण विचारले आहे. बंदर, चर्च आणि बुरूज दोन तासांत पाहून होतात. परंतु या गावाने पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरउतारावर घाम गाळला, तो मात्र राहून जातो. म्हणून किमान अर्धा दिवस हाताशी ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

इटलीच्या लिगुरिया प्रांताच्या किनाऱ्यावर मॉन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे अशी पाच गावे आहेत आणि त्या टापूला चिंक्वे तेर्रे म्हणतात. वेर्नात्साला लाभलेले आडोशाचे नैसर्गिक बंदर हे या गावाच्या भरभराटीचे मूळ. इसवी सन 1080 च्या सुमारास गावाचा उल्लेख तटबंदी असलेले ठाणे म्हणून सापडतो. पुढे तेराव्या शतकात ते जिनोआ या बंदर-शहराच्या सत्तेखाली गेले. त्या काळी समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांचे भय कायमचे असल्यामुळे बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकावर टेहळणीचा गोल बुरूज उभा राहिला. आज दोरिया किल्ला म्हणून दाखवतात तो हाच. त्याच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंचा किनारा एका नजरेत येतो, त्यामुळे जागा कशासाठी निवडली असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सांता मार्गेरिता हे चर्च मात्र घाईत पाहू नये. त्याची नोंद 1318 सालापासून आढळते. सुमारे 40 मीटर उंचीचा त्याचा अष्टकोनी मनोरा गावाची खूण झाला आहे. चर्च थेट समुद्रालगतच्या खडकावर बांधलेले असून गावाचा चौक त्याच्या पाठीशी येतो; त्यामुळे एरवी जिथे वेदीमागची भिंत असते, त्या पूर्वेच्या अंगाने दार काढलेले आहे. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ द्यावा, म्हणजे गिलावा नसलेले दगडी खांब आणि समुद्राच्या बाजूने येणारा प्रकाश नीट दिसतो. 20 जुलैला सांता मार्गेरिताचा उत्सव असतो. तारखा जुळत असतील तर तो दिवस साधावा.

आता डोंगराकडे वळू. इथे सपाट जमीन जवळजवळ नाहीच. म्हणून गावकऱ्यांनी शतकानुशतके उतार तोडून पायऱ्या-पायऱ्यांची शेते काढली आणि प्रत्येक पायरीला चुना-मातीचा कण न वापरता दगडावर दगड रचून भिंत घातली. कोकणात आपण गडगा घालतो, जवळपास तसेच हे काम आहे. दर्शनी बाजूला मोठे दगड आणि मागे बारीक दगडांची भर अशी रचना असल्याने पावसाचे पाणी भिंतीतून झिरपून जाते, मागे साचून दाब देत नाही. परंतु अशी भिंत दरवर्षी राखावी लागते. एक दगड निसटला की शेजारचे सैल होतात, भिंतीला पोट येते आणि एखाद्या मोठ्या पावसात ती मातीसकट खाली बसते. या शेतांत मुख्यतः द्राक्षे होतात. बॉस्को, अल्बारोला आणि व्हेर्मेन्तिनो या जातींची द्राक्षे सुकवून इथली श्याक्केत्रा ही गोड वाइन करतात. पिकाचे क्रेट वाहण्यासाठी काही उतारांवर एका रुळावरून चढणारी छोटी यंत्रगाडी बसवलेली आहे. त्याआधी सगळे ओझे माणसांच्या खांद्यावरून जात असे.

ही शेती मोडली कशी, हा वेर्नात्साच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. 1869 मध्ये ला स्पेत्सियाला आरमारी गोदी सुरू झाली, 1874 मध्ये जिनोआ–ला स्पेत्सिया रेल्वे पूर्ण झाली आणि रोजगाराची वाट गावाबाहेर गेली. नंतर द्राक्षवेलींवर फायलोक्सेरा ही कीड पडली. पायऱ्या ओस पडू लागल्या. 1997 मध्ये युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला आणि 1999 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तरी सोडलेल्या शेतांचा प्रश्न सुटला नाही. 25 ऑक्टोबर 2011 रोजी काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला, उतारांवरचे दगड-माती सुटली आणि गावाखालून बंदिस्त वाहणारा ओढा वर उसळून व्हिया रोमा या मुख्य रस्त्यावरून धावला. काही ठिकाणी चार मीटरपर्यंत गाळ साचला, गाड्या बंदरात वाहून गेल्या आणि गावातील तीन जणांचा जीव गेला. पावसाला कोणी अडवू शकत नव्हते. परंतु राखण नसलेल्या भिंतींनी हानी वाढवली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आज गजबजलेल्या दुकानांमधून चालताना आपण त्याच ओढ्यावरून चालत असतो, हे ध्यानात असू द्यावे.

त्यामुळे आपण असे करावे. ला स्पेत्सियाहून सकाळी लवकरची लोकल घ्यावी. वेर्नात्साचा फलाट आखूड असून गाडीचे काही डबे बोगद्यातच थांबतात, तेव्हा उतरताना घाबरू नये. गर्दी होण्याआधी चर्च आणि बुरूज पाहून घ्यावा, मग गावामागून नोस्त्रा सिन्योरा दी रेज्जो या देवस्थानाकडे चढणारी वाट धरावी. ही वाट शेतांच्या पायऱ्यांमधूनच जाते आणि राखलेली भिंत व ढासळलेली भिंत यांतला फरक तिथे अगदी हाताच्या अंतरावर दिसतो. बंदराचे प्रसिद्ध छायाचित्र हवे असेल तर मॉन्तेरोस्सोच्या पायवाटेवर थोडे वर जावे. किनाऱ्यालगतच्या या वाटेसाठी पास लागतो आणि दरड कोसळण्याच्या भीतीने ती कधी कधी बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. पायात चपला नकोत, चांगले बूट हवेत. भिंतींवर चढू नये, बसूही नये.