सहा विलाया, सहा कर्नल : अल्जिरियाच्या गनिमी सैन्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात अल्जिरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाचा (१९५४–१९६२) धावता आढावा घेतला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच बाजूस आहे : राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे सैन्य डोंगरांत कसे बांधलेले होते आणि त्याची सूत्रे कोणाच्या हाती होती. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. नावांची गर्दी झाली आहे, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे. या सैन्याचा सेनापती म्हणून एकच नाव सांगता आले असते, तर हा लेख निम्म्यात आटोपला असता.

प्रश्न : पहिली गोळी सुटण्यापूर्वीच देशाचे पाच भाग पाडले होते, असे आपण लिहिले. मूठभर माणसांच्या संघटनेला प्रांतवार वाटणीची एवढी घाई कशासाठी? (एक वाचक, पुणे)

वाटणी करण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हते. या मंडळींपैकी बहुतेक जण आधीच्या एका गुप्त लष्करी संघटनेत मुरलेले होते आणि १९५० साली एक धागा पोलिसांच्या हाती लागताच ती संघटना कशी उसवत गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शिवाय १ नोव्हेंबर १९५४ रोजी उठाव झाला तेव्हा हाताशी होत्या त्या बहुतांशी शिकारीच्या बंदुका आणि दुसऱ्या महायुद्धातून मागे राहिलेल्या इटालियन रायफली. एका ठिकाणी बसून देशभर हुकूम पोचवावेत असे कोणतेही साधन नव्हते. म्हणून ओरेसचा डोंगराळ मुलूख मुस्तफा बेन बुलाइद यांच्याकडे, उत्तर कॉन्स्टँटीन दिदूश मुराद यांच्याकडे, काबिली क्रिम बेल्कासेम यांच्याकडे, अल्जीअर्सचा परिसर रबाह बितात यांच्याकडे आणि पश्चिमेचा ओरान लार्बी बेन म्हिदी यांच्याकडे सोपवला गेला. मोहम्मद बुदियाफ यांनी सर्वांत मेळ राखावा आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा एकत्र बसून आढावा घ्यावा, असे ठरले होते.

ती बैठक झालीच नाही. दिदूश जानेवारी १९५५ मध्ये चकमकीत मारले गेले. बेन बुलाइद फेब्रुवारीत पकडले गेले. नोव्हेंबरात कॉन्स्टँटीनचा तुरुंग फोडून ते निसटले आणि मार्च १९५६ मध्ये फ्रेंचांनी मुद्दाम हाती लागू दिलेल्या, आत स्फोटके दडवलेल्या बिनतारी संचाने त्यांचा घात केला. बितात मार्च १९५५ मध्येच अटकेत गेले. पाचांपैकी तीन प्रमुख पाच महिन्यांच्या आत गळाले, तरी लढा थांबला नाही, कारण प्रत्येक टापूत दुसऱ्या फळीतला माणूस वरून नेमणूक येण्याची वाट न पाहता पुढे झाला. उत्तर कॉन्स्टँटीनमध्ये दिदूश यांच्या जागी आलेल्या झिगूद यूसेफ यांनी २० ऑगस्ट १९५५ रोजी घडवलेला मोठा उठाव हा त्यांच्या टापूचा स्वतःचा निर्णय होता. प्रांतवार रचनेचे बळ म्हणतात ते हेच, आणि पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळही हेच.

प्रश्न : ‘विलाया’ म्हणजे नक्की काय? आपल्या ‘विलायत’शी या शब्दाचा काही संबंध आहे का? (एक वाचक, सोलापूर)

शब्द एकच आहे. अरबीत ‘विलाया’ म्हणजे एका वालीच्या, म्हणजे सुभेदाराच्या, अखत्यारीतला मुलूख. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे येऊन ‘विलायत’ झाला आणि इंग्रजांच्या काळात त्याचा अर्थ पार सातासमुद्रापलीकडे जाऊन बसला. अल्जिरियात मात्र आजही जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाला विलायाच म्हणतात.

प्रश्न : एका विलायाच्या आत अधिकाराची उतरंड कशी होती? गावकऱ्यांशी या सैन्याचा संबंध कोणत्या पातळीवर येत असे? (एक प्राध्यापक, कोल्हापूर)

ही उतरंड कागदावर आली ती २० ऑगस्ट १९५६ रोजी, काबिलीतील सुम्माम खोऱ्यातल्या इफ्री या खेड्यात भरलेल्या परिषदेत. या परिषदेची जागा ऐनवेळी बदलावी लागली होती : कागदपत्रे लादलेले एक खेचर चकमकीच्या गडबडीत उधळले आणि थेट फ्रेंच ठाण्यात जाऊन उभे राहिले. इतक्या बारकाईने रचलेला बेत एका खेचराने असा उधळून लावावा, हे त्या युद्धाच्या एकूण प्रकृतीला धरूनच होते.

परिषदेने पाच टापूंना विलाया हे नाव दिले, दक्षिणेच्या वाळवंटी पट्ट्यासाठी सहावी विलाया जोडली आणि अल्जीअर्स शहर वेगळे काढून त्याला स्वायत्त विभाग ठरवले. विलायाखाली मिंतका, तिच्याखाली नाहिया आणि तळाशी कस्मा अशी चार पायऱ्यांची मांडणी झाली. विलायाच्या प्रमुखाचा हुद्दा कर्नलचा. त्याच्या हाताखाली तीन साहाय्यक, एकाकडे लष्करी काम, दुसऱ्याकडे राजकीय, तिसऱ्याकडे निरोप आणि हेरगिरी. असेच चौघांचे मंडळ खालच्या प्रत्येक पायरीवर असे, त्यामुळे एखाद्या नाहियाचा प्रमुख पडला तरी त्याचे काम आणि त्याचे खबरे कोण, हे जाणणारी आणखी तीन माणसे उरत. कर्नलच्या वरचा हुद्दा त्यांनी ठेवलाच नाही. स्वतंत्र अल्जिरियातही ही रीत इतकी टिकली की पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हुआरी बुमेदिएन १९७८ साली मरेपर्यंत कर्नलच राहिले. त्या देशात पहिले जनरल नेमले गेले ते १९८४ साली.

तुकड्यांचे आकारही तेव्हाच ठरले. अकरा जणांचा फौज, त्यात एक सार्जंट आणि दोन कॉर्पोरल. तीन फौज आणि वर दोन अधिकारी मिळून पस्तीस जणांची फिरका. तीन फिरका आणि पाच अधिकारी मिळून एकशेदहा जणांची कतीबा. आणि सर्वांत वर साडेतीनशेची फैलक. आपल्याला ‘फौज’ म्हटले की लाखाचा दळभार डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा अकराचा आकडा मुद्दाम देतो. अर्थात त्यांचा हा शब्द उच्चाराने जवळचा असला तरी तो एका टोळक्यापुरताच आहे. प्रत्यक्षात लढाईचे खरे माप कतीबा हेच होते. तिच्याहून मोठी तुकडी एका ठिकाणी खाऊ घालणे कठीण आणि विमानांच्या नजरेतून लपवणे त्याहून कठीण होते.

गावाशी संबंध येई तो कस्मा या तळाच्या पायरीवर. गणवेशातला मुजाहिद गावात रात्रीपुरताच येई. त्याचे धान्य, निवारा, वाटाड्या आणि पहारा ही जबाबदारी ‘मुसब्बिल’ या गावातच राहणाऱ्या, दिवसा शेती करणाऱ्या साहाय्यकांची असे. शहरांत हल्ले करणाऱ्यांना ‘फिदाई’ म्हणत. प्रत्येक गावी पाच जणांची निवडलेली समिती असावी आणि तिने वर्गणी गोळा करावी, तंटे सोडवावेत, असे परिषदेने ठरवले होते. वर्गणीची पावती मिळे, आणि ती न देणाऱ्याची गाठ कोणाशी पडे हे सांगायला नको.

प्रश्न : बेन बेल्ला हेच या सैन्याचे सरसेनापती होते ना? (एक वाचक, ठाणे)

नाही. अहमद बेन बेल्ला कैरोतून शस्त्रे मिळवण्याचे काम पाहत होते. सुम्मामच्या परिषदेला ते नव्हते आणि २२ ऑक्टोबर १९५६ रोजी मोरोक्कोहून ट्युनिसला जाणारे त्यांचे विमान फ्रेंचांनी अल्जीअर्सला उतरवून त्यांना, बुदियाफ यांना आणि इतर साथीदारांना पकडले. तेथून युद्ध संपेपर्यंत ते कैदेतच राहिले.

प्रश्न : विलाया तीनचे कर्नल आमिरूश यांना काही जण वीर म्हणतात, तर काही जण आपल्याच माणसांचा काळ. आपले मत काय? (एक माजी सैनिक, सातारा)

दोन्ही वर्णने एकाच माणसाची आहेत. आमिरूश ऐत हमूदा हे काबिलीतले. दिवसरात्र पायपीट करणारे, करड्या शिस्तीचे. सुम्मामच्या परिषदेला जमलेल्या पुढाऱ्यांना त्यांनीच सुखरूप राखले. पण १९५८ साली त्यांच्या विलायात जे घडले ते त्या रचनेतला दोष उघडा पाडणारे आहे.

अल्जीअर्समध्ये फ्रेंच कॅप्टन पॉल-आलँ लेजे यांनी फितवलेल्या माणसांचे एक पथक उभे केले होते. कामगारांच्या निळ्या डगल्यांवरून त्यांना ‘निळे’ म्हणत. लेजे यांनी विलाया तीनकडे अशी पत्रे आणि अशा खुणा पोचतील याची व्यवस्था केली की त्या वाचून डोंगरातल्या प्रमुखांना आपल्या रांगांत फितूर भरले आहेत असे वाटावे. आमिरूश यांना ते वाटले. संशय पहिल्यांदा गेला तो शहरातून नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांवर, परिचारकांवर, लिहित्या-वाचत्या माणसांवर. छळाखाली प्रत्येकाने आणखी नावे घेतली आणि यादी वाढत गेली. मृतांचा आकडा शेकड्यांच्या खाली कोणीच आणत नाही, काही जण तो हजारांवर नेतात.

येथे मला रचनेचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. विलायांनी एकमेकींत लुडबूड करू नये हा नियम सुरक्षिततेसाठी होता. पण त्यामुळेच एका विलायातला वणवा शेजारच्या विलायाला विझवता येत नव्हता आणि कर्नलच्या निकालावर दाद मागायला जागाच नव्हती, कारण सर्व विलायांच्या वर असलेल्या आघाडीच्या ज्या केंद्रीय समितीने लक्ष घालायचे ती तोवर देशाबाहेर होती. फ्रेंचांनी गोळी न झाडता एक विलाया आतून पोखरली ती या फटीतून. माणूस क्रूर होता की भाबडा, हा प्रश्न त्यानंतरचा.

मात्र पुढे जे घडले तेही नोंदवले पाहिजे. डिसेंबर १९५८ मध्ये आमिरूश यांच्या पुढाकाराने विलाया एक, तीन, चार आणि सहा यांचे कर्नल एकत्र बसले आणि सीमेपलीकडून शस्त्रे येत नाहीत, देशाबाहेरचे पुढारी आत लढणाऱ्यांची उपासमार करत आहेत, ही तक्रार त्यांनी मांडली. तीच मांडण्यासाठी आमिरूश आणि विलाया सहाचे सी हवास ट्युनिसकडे निघाले असता २९ मार्च १९५९ रोजी बू सादाजवळ फ्रेंच वेढ्यात दोघेही मारले गेले.

प्रश्न : ज्यांनी डोंगरात लढा दिला ते कर्नल बाजूला पडले आणि सत्ता सीमेपलीकडच्या सैन्याकडे गेली, हे कसे घडले? (एक विद्यार्थिनी, औरंगाबाद)

आधी एक तारेचे कुंपण लक्षात घ्या. १९५७ साली फ्रेंच संरक्षणमंत्री आंद्रे मॉरिस यांच्या नावाने ओळखले जाणारे, पाच हजार व्होल्टची वीज खेळवलेले आणि दोन्ही अंगांना सुरुंग पेरलेले कुंपण ट्युनिसियाच्या सीमेवर उभे राहिले. तार तुटली की कोठे तुटली हे ठाण्यावर लगेच कळे आणि तोफा तिकडे वळत. पलीकडून बंदुका घेऊन येणाऱ्या तुकड्या तेथे कापल्या जाऊ लागल्या आणि थोड्याच काळात त्या येणे जवळजवळ थांबले. देशातल्या विलाया शस्त्रांवाचून वाळत गेल्या. सीमेपलीकडे मात्र माणसे, शस्त्रे आणि शिस्त साचत गेली.

सुम्मामने दोन सूत्रे घालून दिली होती : राजकारण लष्कराच्या वर आणि आतले बाहेरच्यांच्या वर. या सूत्रांचे कर्ते अबान रमदान. फेब्रुवारी १९५७ मध्ये बेन म्हिदी अल्जीअर्समध्ये पकडले गेले (पुढच्याच महिन्यात फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी त्यांना कोठडीबाहेर नेऊन फासावर लटकवले) आणि उरलेली केंद्रीय समिती देश सोडून गेली; त्या क्षणी दुसरे सूत्र निकालात निघाले. पहिलेही फार टिकले नाही. डिसेंबर १९५७ मध्ये अबान यांना मोरोक्कोत बोलावून त्यांच्याच सहकाऱ्यांनी ठार केले आणि आघाडीच्या मुखपत्राने ते रणांगणावर पडल्याचे छापले.

त्यानंतर १९५९ मध्ये अल्जिरियातील फ्रेंच सेनापती जनरल शाल यांनी एकेक विलाया घेऊन तिच्यावर सैन्याचा लोटच्या लोट चालवला. मे महिन्यात विलाया चारचे सी म्हमद पडले, मार्च १९६० मध्ये विलाया पाचचे लोत्फी. आतल्यांची निराशा कोणत्या थराला गेली होती ते यावरून कळावे : १० जून १९६० रोजी विलाया चारचे प्रमुख सी सालाह आपल्या दोन साथीदारांसह गुपचूप पॅरिसला जाऊन थेट फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गोल यांना भेटले. त्या भेटीतून काही निष्पन्न झाले नाही, पण ती झाली, हेच पुरे बोलके आहे.

याच सुमारास, जानेवारी १९६० मध्ये, बुमेदिएन सीमेवरच्या सैन्याच्या सरसेना कार्यालयाचे प्रमुख झाले होते. ते स्वतः विलाया पाचचे माजी कर्नल, पण त्यांच्या हाती आलेले सैन्य कोणत्याही विलायाचे नव्हते आणि माझ्या मते सगळे रहस्य येथेच आहे. आतल्या प्रत्येक कर्नलची सत्ता त्याच्या डोंगरापुरती होती. काबिलीच्या कर्नलचा हुकूम ओरेसमध्ये कोणी मानला नसता आणि ओरेसच्या कर्नलचा काबिलीत. मार्च १९६२ मध्ये युद्धविराम झाला, जुलैत स्वातंत्र्य आले आणि लगेच विलाया दुभंगल्या : एक, पाच आणि सहा बेन बेल्ला-बुमेदिएन यांच्या बाजूला, तीन आणि चार विरोधात, तर दोनमध्ये आतल्या आतच फूट. अल्जीअर्सच्या रस्त्यांवर बायाबापड्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांमध्ये उभ्या राहून ‘सात वर्षे झाली, आता पुरे’ असे ओरडत होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला सीमेवरचे सैन्य राजधानीत शिरले.

प्रश्न : त्या कर्नलांचे आणि पहिल्या पुढाऱ्यांचे पुढे काय झाले? (तीच विद्यार्थिनी)

बेन बेल्ला यांना बुमेदिएन यांनी जून १९६५ मध्ये पदच्युत केले. विलाया एकचे माजी प्रमुख ताहर झबिरी यांनी १९६७ च्या डिसेंबरात बुमेदिएन यांच्यावर उलटून पाहिले, ते फसले. क्रिम बेल्कासेम १९७० साली फ्रँकफुर्टच्या एका हॉटेलात गळा आवळलेले सापडले. बुदियाफ जवळजवळ तीन दशकांच्या विजनवासानंतर राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले आणि जून १९९२ मध्ये भर सभेत मारले गेले.

आमिरूश आणि सी हवास यांचे अवशेष स्वातंत्र्यानंतर नव्या राजवटीच्या हाती लागले होते, पण ते दफन केले गेले नाहीत. अल्जीअर्समधील लष्करी पोलिसांच्या इमारतीच्या तळघरात ते बुमेदिएन यांच्या हयातभर पडून राहिले आणि ऐंशीच्या दशकात बाहेर काढून हुतात्म्यांच्या आवारात पुरण्यात आले.