पर्यावरणपूरक वाचनालय : सौर पॅनेलच्या आधी काय?

आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या समितीने पर्यावरणपूरक होण्याचा ठराव केला आहे, निधी बेताचा आहे, आणि तो सर्वप्रथम छतावरील सौर पॅनेलवर खर्च करावा का, असा आपला प्रश्न आहे. पॅनेल जरूर बसवावेत; मात्र ते पहिले काम नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम म्हणजे वीजमीटर वाचणे, आणि तेही इमारत बंद असताना. कुलूप लावताना व दुसऱ्या दिवशी ते उघडताना मीटरवरील आकडे आठवडाभर टिपून ठेवावेत. दोन्हींतील फरकाला मधल्या तासांनी भागले की आत कोणी नसताना इमारत किती वीज ओढते ते कळते. वाचनालय, सभागृह किंवा प्रार्थनास्थळ अशा इमारती आठवड्यातील बहुतेक तास रिकाम्या असतात, त्यामुळे त्यांच्या बिलाचा बराच भाग या निर्मनुष्य तासांत तयार होऊ शकतो. पाण्याचा कूलर, चालूच राहिलेले संगणक, प्रसाधनगृहांतील एक्झॉस्ट पंखे, प्रवेशद्वाराजवळचा सूचनांचा पडदा, असे सगळे मिळून केवळ २०० वॅट जरी दिवसरात्र खर्च होत असले, तरी वर्षाच्या ८,७६० तासांत त्याची सुमारे १,७५० युनिटे होतात. भरपूर ऊन मिळणाऱ्या ठिकाणी एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाला साधारण १,२०० ते १,५०० युनिटे देते. थोडक्यात, कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या या विजेसाठी एका किलोवॅटहून अधिक क्षमतेचे पॅनेल विकत घ्यावे लागेल. काही हजारांचे टायमर आणि रात्री बंद करायच्या उपकरणांची दारामागे लावलेली यादी हे काम कितीतरी स्वस्तात करतात.

वातानुकूलन किंवा हीटिंग असेल, तर त्याचे वेळापत्रक तपासावे. वाचनालयाच्या वेळा बदलल्या तरी यंत्रणा जुन्याच वेळेनुसार चालू राहते, हे मी अनेक इमारतींत पाहिले आहे.

दिवे बदलताना घाई नको, पण फ्लुरोसंट नळ्यांना अपवाद करावा. त्यांत पारा असतो, आणि पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये त्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद करण्याचा निर्णय घेतला आहे. त्यामुळे आता एलईडीकडे वळणे शहाणपणाचे, आणि काढलेल्या नळ्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे दिल्या पाहिजेत. सुस्थितीतील टेबल-खुर्च्या मात्र ‘हिरव्या’ फर्निचरसाठी मोडीत काढू नयेत. नवी वस्तू बनवण्यासाठीही ऊर्जा व कच्चा माल लागतोच, आणि ठरावाच्या उत्साहात नेमका याचाच विसर पडतो.

आपल्या पत्रात न आलेला एक मुद्दा मला विजेइतकाच महत्त्वाचा वाटतो. एक प्रत अनेकांनी वापरावी ही वाचनालयाची मूळ पद्धतच आहे, आणि ती ड्रिल, शिडी, शिलाई यंत्र अशा क्वचित लागणाऱ्या वस्तूंनाही लावता येते. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये सुरू केलेला ‘रिपेअर कॅफे’ हा उपक्रम, ज्यात स्वयंसेवक लोकांबरोबर बसून त्यांच्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतात, पुढे अनेक देशांत पोहोचला. वाचनालयाच्या सभागृहात तो सहज भरवता येईल. वस्तू उसन्या द्यायच्या तर अट एवढीच की परत आलेली वस्तू तपासणारी व्यक्ती आधीच नेमलेली असावी, अन्यथा वर्षभरात नादुरुस्त वस्तूंचे कपाट तेवढे उरते.

समितीत केवळ पदाधिकारी नसावेत. शाळांसाठी १९९४ पासून चालणाऱ्या ‘इको-स्कूल्स’ कार्यक्रमात आधी विद्यार्थ्यांसह समिती, मग पाहणी आणि त्यानंतर कृती आराखडा असा क्रम आहे, आणि तो वाचनालयालाही लागू पडतो. सफाई कर्मचारी व पहारेकरी यांना पहिल्याच बैठकीस बोलवावे, कारण कोणता दिवा कोणत्या बटणावर आहे आणि कोणता नळ गळतो हे त्यांनाच ठाऊक असते.

यानंतर पॅनेलचा विचार करावा. कमी झालेल्या वापराच्या हिशेबाने क्षमता ठरवावी आणि त्याआधी छताची तपासणी करून घ्यावी. जलरोधक थर येत्या चार-पाच वर्षांत बदलावा लागणार असेल, तर तो आधीच बदलावा, कारण बसवलेले पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च कोटेशनमध्ये सहसा धरलेला नसतो.