कर्मचाऱ्यांचं कौतुक करायचं तर बक्षीस काय द्यावं : ट्रॉफी, व्हाउचर की रोख?

तुम्ही लिहिलंय की भोसरीत चाळीसेक माणसांचं मशिनिंगचं युनिट आहे, आजवर दिवाळीचा मिठाईचा डबा आणि वर्षातून एकदा एक ट्रॉफी यापलीकडे काही केलं नाही, आता मालक दोन लाख बाजूला काढायला तयार आहेत तर ट्रॉफी, व्हाउचर की रोख. मी नाशिकला सातपूर-अंबड पट्ट्यात पर्सोनेलमध्ये बरीच वर्षं काढलीत, आता त्याला एचआर म्हणतात, काम तेच. त्यामुळे आयटी कंपनीच्या नाही, शॉप फ्लोअरच्या अंगाने सांगतो.

माझी कसोटी एकच आहे. बक्षीस घेऊन माणूस घरी गेला आणि बायकोने नाहीतर आईने विचारलं "कशाबद्दल दिलं?" तर त्याला एका दमात सांगता आलं पाहिजे. "त्या जुन्या प्रेसचं ऑइल लीक कुणाला सापडत नव्हतं, ते मी शोधलं म्हणून दिलं." बस. आणि उत्तर जर "काय माहीत, सगळ्यांनाच दिलं" असं असेल तर ते वाटप झालं. वाटप वाईट नाही हो, दिवाळीत करावंच, पण ते कौतुकाच्या खात्यात धरू नका.

बोनसचंही तसंच. बऱ्याच मालकांना मनापासून वाटतं की बोनस म्हणजे आपण खूश होऊन दिलेली गोष्ट. बोनसचा कायदा १९६५ चा आहे, आता तो वेतन संहितेत गेला, पण किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के हे तसंच आहे. म्हणजे पात्र कामगाराला कमीत कमी वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, अर्थात हिशोब ठराविक मर्यादेतल्या पगारावर. तो त्याचा हक्क आहे, त्याच्या पाकिटावर "उत्कृष्ट कामगिरीबद्दल" असं छापलंत तर लोक हसतात, तोंडावर नाही, चहाच्या टपरीवर. तुमचे दोन लाख बोनसच्या वरचे आहेत ना हे आधी मालकांकडून पक्कं करून घ्या, कारण मी असेही महाभाग बघितलेत जे बोनसमधून थोडे कापून त्याचेच कुकर वाटतात आणि वर फोटो काढतात.

आता ते एम्प्लॉयी ऑफ द मंथ. माझं स्पष्ट मत आहे, चाळीस माणसांच्या युनिटमध्ये हे करूच नका. पहिले तीनचार महिने खरोखर चांगल्या माणसांना मिळतं, मग सुपरवायझरला वाटतं की आता पेंट शॉपला पण द्यायला पाहिजे, मग डिस्पॅचचा नंबर, मग स्टोअरवाले रुसतात म्हणून स्टोअर, आणि वर्षभरात सगळ्यांना कळतं की ही पाळी आहे, कौतुक नाही. किंवा उलटं होतं, सारखा एकच माणूस येतो आणि तो साहेबांच्या गावचा निघतो. दर महिन्याला एक असं कॅलेंडर लावलं की कारण शोधावं लागतं. त्यापेक्षा कारण घडेल तेव्हा द्या, एका महिन्यात तिघांना द्या, मग दोन महिने कुणालाच नको. आणि लगेच द्या, त्याच आठवड्यात. जूनमध्ये रात्री थांबून ब्रेकडाउन काढलं आणि शाबासकी २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर, तोपर्यंत तो स्वतःच विसरलेला असतो.

रोख की वस्तू यावर जर्मनीत एक छान प्रयोग झालाय, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकांची नोंद करायला तात्पुरती मुलं घेतली होती. काहींना ठरलेल्या पैशांवर अचानक साताठ युरो जास्त दिले आणि काहींना तेवढ्याच किमतीची थर्मासची बाटली, छान पॅक करून. जास्त पैसे मिळालेल्यांच्या कामात फारसा फरक पडला नाही, बाटलीवाल्यांचं काम मात्र साधारण पाव पटीने वाढलं. मजा पुढे आहे. दुसऱ्या एका गटाला विचारलं की बाटली हवी की पैसे, तर बहुतेकांनी पैसेच मागितले, आणि तरीही त्यांचंही काम वाढलं. नोटेची घडी घालून कागदी कलाकुसर करून दिली तेव्हा पण वाढलं. म्हणजे वस्तूत जादू नव्हती, कुणीतरी आपल्यासाठी वेळ घातला, आपल्याला विचारलं, हे त्यांना जाणवलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की रोख द्यायला काही हरकत नाही पण पगाराच्या स्लिपमध्ये "इतर भत्ते" म्हणून ढकलू नका, तिथे ते पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्सच्या ओळींमध्ये हरवतं आणि ईएमआयमध्ये जातं. आणि वस्तू दिलीत तर कृपया तिच्यावर कंपनीचा एवढा मोठा लोगो नको. लोगोवालं भिंतीवरचं घड्याळ हे आपल्याकडचं सगळ्यात फुकट गेलेलं बक्षीस असेल, एकेका घरात तीन तीन पडलेली असतात, एक कंपनीचं, एक पतसंस्थेचं, एक नगरसेवकाचं.

हजेरी आणि सेफ्टी या दोन बक्षिसांबद्दल जरा सावध करतो कारण सगळ्यात आधी हीच सुचतात, मोजायला सोपी ना. शंभर टक्के हजेरीला बक्षीस ठेवलं की माणूस ताप अंगावर काढून येतो आणि लेथवर उभा राहतो, ते कुणाला हवंय? अमेरिकेत एका औद्योगिक लाँड्रीच्या प्लँटमध्ये वेळेवर येणाऱ्यांसाठी लकी ड्रॉ सुरू केला होता, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये आला. लोकांनी बरोबर पळवाट शोधली, उशीर होणार दिसलं की सरळ आजारपणाची रजा टाकायची. आणि जे आधीपासून वेळेवर येत होते, कुणी न सांगता, त्यांचा हुरूप कमी होऊन त्यांचंच काम घसरलं. हे मला अगदी पटतं, कारण तो माणूस म्हणतो की मी इतकी वर्षं वेळेवर येतोय तेव्हा कुणी बघितलं नाही, आता या लेट लतीफला चार दिवस वेळेवर आला म्हणून गिफ्ट कार्ड. सेफ्टीचं त्याहून वाईट. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या आठवड्यात बोर्ड लागतो "इतके दिवस अपघात नाही", आणि त्यावर सगळ्या लाइनला बक्षीस असेल तर बोट कापलेला पोरगा रुमाल गुंडाळून गप बसतो, कारण त्याच्या एकट्यामुळे सगळ्यांचं जाईल. बक्षीस द्यायचंच असेल तर थोडक्यात वाचलेला प्रसंग जो येऊन सांगतो त्याला द्या, गार्ड सैल आहे, वायर उघडी आहे हे जो दाखवतो त्याला द्या. त्याच्या घरी सांगायलाही ते जास्त बरं वाटतं.

मग काय चालतं? माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त मागणी सुट्टीला असते, आणि मालकांना नेमकी तीच द्यायला जिवावर येते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली १८९० मध्ये, त्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, म्हणजे वेळेची किंमत कामगाराला तेव्हापासून माहीत आहे. गावची जत्रा, वारीचे चार दिवस, बहिणीच्या लग्नाआधीचा आठवडा, पेरणी, यासाठी भरपगारी दोन दिवस जादा, आणि ते त्याने मागितलेल्या तारखांना. तारीख तुम्ही ठरवणार असाल तर नका देऊ. बायकांच्या बाबतीत कधीकधी सुट्टीपेक्षा एक महिना फर्स्ट शिफ्ट हे मोठं बक्षीस असतं, पोराची दहावी असेल तर विचारायलाच नको.

दुसरं म्हणजे शिकायला पाठवणं. ऑपरेटरला सीएनसी प्रोग्रॅमिंगचा कोर्स, क्वालिटीच्या पोराला गेज कॅलिब्रेशनचं, म्हणजे मापाची साधनं बरोबर दाखवतात का ते तपासायचं, ट्रेनिंग, फी कंपनीची आणि तेवढे दिवस ड्युटीत धरायचे. मालक म्हणतील शिकून दुसरीकडे गेला तर. जाईल की एखादा. न शिकवता ठेवलेले पण जातात, पाचशे रुपये जास्त मिळाले की शेजारच्या गेटमध्ये.

तिसरं, सूचना करणाऱ्याचं नाव. टोयोटात सूचना योजना १९५१ पासून आहे आणि आपल्याकडे चाकणपासून अंबडपर्यंत प्रत्येक व्हेंडरकडे कायझेन शीट, म्हणजे कामात केलेल्या छोट्या सुधारणांचा तक्ता, लावलेली असते, पण जाऊन बघा, त्यावर नाव बहुतेक वेळा इंजिनिअरचं असतं आणि आयडिया असते हेल्परची. फिक्स्चर, म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवायचं साधन, ज्याने सुचवलं त्याचं नाव फिक्स्चरवरच लिहा, ऑइल पेंटने, खर्च शून्य. ऑडिटला कस्टमर आला की त्यालाच समजावून सांगायला उभा करा, साहेबाने सांगू नये. काही जण नाही म्हणतील, त्यांना घाम फुटतो चार लोकांपुढे, त्यांना जबरदस्तीने स्टेजवर ओढू नका, त्यांच्यासाठी मालकाने मशीनपाशी जाऊन बोलणं आणि लेटरहेडवर चार ओळींचं मराठी पत्र पुरेसं आहे. मराठीच, कारण ते घरचे वाचणार आहेत. आणि पत्रात "आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल" वगैरे नको, काय केलं ते लिहा, तारखेसकट.

शिवाय एक फुकटातलं सांगतो, महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार असतो, लोखंड्यांच्याच नावाने. पगारातून जून आणि डिसेंबरला वेलफेअर फंड कापला जातो ना, तेच मंडळ. त्यात कामासोबत बाहेरचं सामाजिक-सांस्कृतिक काम पण बघतात. तुमच्याकडे कुणी रक्तदान शिबिरं घेणारा, भजनी मंडळ चालवणारा, कविता करणारा जुना माणूस असेलच, त्याचा अर्ज कंपनीने स्वतः बसून भरून द्यावा. निवड झाली नाही तरी कंपनीने माझा अर्ज भरला हे त्याला पुरतं.

विचारायचं कसं, तर फॉर्म-बिर्म नको, गुगल फॉर्म तर अजिबात नको. सुपरवायझरने बोलता बोलता काढून घ्यायचं आणि वहीत लिहून ठेवायचं, कुणाच्या घरी काय चाललंय. कुणाचं घर बांधायला काढलंय त्याला हॉटेलचं व्हाउचर देऊन उपयोग नाही, आणि ज्याने लग्नानंतर बायकोला कधी बाहेर जेवायला नेलं नाही त्याला तेच व्हाउचर सोन्याचं.

टॅक्सचं थोडक्यात. रोख दिलीत तर ती पगारातच धरतात, वस्तू किंवा व्हाउचरला आयकरात वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत सूट बरीच वर्षं होती, आता १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे तेव्हा सध्याची मर्यादा सीएकडून बघून घ्या. जीएसटीत एका कर्मचाऱ्याला वर्षाला ५०,००० पर्यंतच्या भेटीवर टॅक्स लागत नाही पण त्या खरेदीचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेणंही, मिळत नाही, अकाउंटंटला आधीच सांगा नाहीतर मार्चमध्ये तो तुमच्या नावाने बोटं मोडेल.

दोन लाखांचं मी असं करीन की साठेक हजार ट्रेनिंगला, तेवढेच भरपगारी सुट्ट्यांच्या खर्चाला, पन्नासेक हजार वर्षभर घडेल तसं द्यायच्या छोट्या बक्षिसांना, हजार-दोन हजारांची, आणि उरलेले निवृत्त होणाऱ्यांसाठी राखून ठेवीन, त्या दिवशी घरच्यांना बोलवायला, जेवणाला आणि त्याला कंपनीच्या गाडीने घरापर्यंत सोडायला. ट्रॉफी घेऊ नका. आणि ठेकेदाराकडची जी दहाबारा पोरं असतील ती पण यादीत धरा, ठेकेदार म्हणेल सवयी बिघडतात, मालक म्हणतील ती आपल्या मस्टरवर नाहीत, पण मशीन त्यांनीच पुसलेलं असतं आणि दसऱ्याला पूजेचं सगळं सामान पण तीच पोरं आणतात.