नागपुरात गाडीचं इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलायचं? माझी गाडी धरमपेठ ते सीताबर्डी एवढीच फिरते.

मॅन्युअल बघा भाऊ, बहुतेक पेट्रोल गाड्यांना 10,000 किमी किंवा 1 वर्ष, जे आधी होईल ते. पण तुमची गाडी धरमपेठ ते सीताबर्डी एवढीच फिरते म्हणता, तर किमी कमी झाले म्हणून वर्ष ओलांडू नका, छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही अन् ऑइलमध्ये ओलावा, न जळालेलं पेट्रोल मिसळत राहतं, वरून मे महिन्यातलं 45 डिग्री अन् सिग्नलवरची रखडपट्टी. फिल्टर सोबतच बदला, तिथं कंजूसी नको. नुसतं काळं दिसलं म्हणजे खराब असं नसते, डिझेलमध्ये तर लगेच काळं होते. सपाट जागेवर इंजिन बंद करून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून परत घाला अन् काढून बघा, ऑइल दोन खुणांच्या मधात पाहिजे. ऑइलचा ग्रेड (जाडपणा) मॅन्युअलमधलाच ठेवा, मेकॅनिक "उन्हाळा आहे, जाड टाकू" म्हणाला तरी.