आईला लिस्बन, लेकीला व्हिएन्ना, आणि नवऱ्याला सगळंच

प्रश्न: ताई नमस्कार. मी फोंड्याची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही युरोपला जायचं म्हणतोय, मी, नवरा, 14 वर्षांची मुलगी आणि माझी आई. आई 74 ची, गुडघे दुखतात पण हौस आमच्यापेक्षा जास्त. लहानपणी दोन-तीन वर्षं पोर्तुगीज शाळेत गेलीय, अजून उं, दोइश, त्रेश असं मोजते, तिला लिस्बन बघायचंय. मुलगी व्हायोलिन शिकते, तिला व्हिएन्नाच हवं. नवरा म्हणतो एवढा खर्च करतोच आहोत तर पॅरिस आणि स्वित्झर्लंडही उरकून घेऊ. हातात सात रात्री आहेत. जमेल का?

उत्तर: पॅरिस नको, स्वित्झर्लंड नको. नवऱ्याला सांगा ताईंनी सांगितलंय, माझ्यावर ढकला. सात रात्रींत चार ठिकाणं म्हणजे बॅग भरणं, बॅग उघडणं आणि एअरपोर्टवरचं महागडं सँडविच, बाकी काही हाताला लागत नाही.

दोन शहरं मात्र मस्त जमतात, आणि तुमची जोडी तर मला फारच आवडली कारण दोन्हींत साम्य जवळजवळ नाहीच. लिस्बन म्हणजे चढ-उतार, नदी, उन्हात वाळत घातलेले कपडे, भिंतींवर निळ्या टाइल्स, आपलं पणजीचं फोंतेन्हास मोठं करून डोंगरावर पसरल्यासारखं. व्हिएन्ना सपाट, रुंद, शिस्तीत, जुन्या तटबंदीच्या जागी बांधलेला रिंग रस्ता आणि त्यावर एकापुढे एक राजेशाही इमारती. कॉफीवरूनच बघा, लिस्बनमध्ये काउंटरपाशी उभं राहून दोन घोटांची बिका संपवतात आणि निघतात, व्हिएन्नात एका कॉफीवर, सोबत ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास, दोन तास पेपर वाचत बसलात तरी कोणी उठवत नाही.

आता हिशोब. लिस्बनला चार रात्री, व्हिएन्नाला तीन, आणि आधी लिस्बन. कारण एक, व्हिसा. शेंगेन व्हिसा म्हणजे या दोन्ही देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्याचा अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, रात्री सारख्या असल्या तर जिथे आधी उतरणार तिथे. पोर्तुगालचा कॉन्सुलेट पणजीतच आहे, म्हणजे आईला घेऊन मुंबईची फेरी वाचते. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मे साठी अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं म्हणून नाताळ झाला की लगेच कामाला लागा, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो तो विसरू नका. कारण दोन, आईचे गुडघे. चढाचं शहर पहिल्या दिवसांत अंगात जोर असताना करायचं आणि सपाट, बाकांचं, ट्रामचं शहर शेवटी.

तिकीट काढताना गोवा-लिस्बन आणि परत व्हिएन्ना-गोवा असं मल्टी-सिटी काढा, जाऊन येऊन एकाच शहराचं नको, नाहीतर शेवटचा दिवस नुसता मागे यायला जातो. गोव्याहून दोन्हीकडे थेट काही नाही, मुंबई-दिल्ली किंवा आखातातून विमान बदलावं लागेल, तेव्हा बुकिंग करतानाच आईसाठी व्हीलचेअर मागून ठेवा, लाजायचं काही कारण नाही. लिस्बन-व्हिएन्ना विमानाला साधारण साडेतीन तास लागतात, वर व्हिएन्नाचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे सकाळी निघालात तरी दुपार गेलीच समजा. स्वस्त एअरलाइनचं घेतलंत तर बॅगेची मापं आधी वाचा, मी एकदा गेटवर हुज्जत घातली आणि तिकिटाएवढेच पैसे बॅगेचे भरले. गंमत म्हणजे हाच पल्ला एका हत्तीनेही केलाय! पोर्तुगालच्या राजघराण्याने ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनला भेट दिलेला सुलेमान नावाचा हत्ती, आल्प्स ओलांडून 1552 मध्ये व्हिएन्नात पोचला. नवरा लेग-स्पेसवरून कुरकुरला तर त्याला ही गोष्ट सांगा.

शनिवारी लिस्बनला उतरा आणि बुधवारी निघा, म्हणजे व्हिएन्नात रविवार येत नाही, तिथे रविवारी दुकानं बंद असतात. लिस्बनमध्ये सोमवारी जेरोनिमोश मठ बंद, म्हणून मठ आहे तो बेलेंचा भाग रविवारी किंवा मंगळवारी करा. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीवर ज्याचा पुतळा आहे त्या वास्को द गामाची कबर त्या मठाच्या चर्चमध्ये आहे. आईला तिथे काय वाटेल ते मला सांगता येणार नाही, मला स्वतःला जरा विचित्रच वाटलं होतं, एवढासा दगड आणि केवढा पसारा. सोमवारी लिस्बनजवळचं सिंत्रा गाव, रोसियू स्टेशनवरून ट्रेनने पाऊण तासाच्या आत, वर राजवाड्यापर्यंत बस जाते.

28 नंबरची ट्राम सगळ्यांना माहीत झालीय, त्यामुळे ती सुटते त्या मार्तीं मोनीजला लाईन मोठी असते, दुसऱ्या टोकाहून, प्राझेरेशच्या दफनभूमीपाशी सकाळी लवकर चढा, आईला बसायला मिळेल. पाकीट पुढच्या खिशात. अल्फामा हा चढावरचा जुना भाग चालतच बघायचा असतो, 1755 च्या भूकंपात खालचा बायशा भाग कोसळून नव्याने सरळ रेषेत बांधला गेला पण अल्फामाच्या गल्ल्या तशाच वाकड्या राहिल्या, म्हणून आईला टुकटुकने वर सोडा आणि सगळे मिळून हळूहळू खाली उतरा. फुटपाथचे पांढरे दगड झिजून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की घसरगुंडी, तेव्हा सगळ्यांना ग्रिपवाले बूट, चपला नकोत.

जेवणाचं. लिस्बनमध्ये नुस्तं, म्हणजे मासे, खाणाऱ्यांची चंगळ आहे, पण टेबलावर न मागता येणारा पाव, ऑलिव्ह, चीज हे फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत करा. आईचा सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, असेल तर सूपातही चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो हे लक्षात ठेवा, विचारूनच घ्या. व्हिएन्नात वीनर श्निट्झेल म्हणजे वासराचं मांस, ते आधी माहीत असलेलं बरं, केझेश्पेट्झले मागवा, चीजमधल्या छोट्या शेवया म्हणा हवं तर.

मुलीसाठी स्टाट्सऑपर, व्हिएन्नाचं ऑपेरा हाउस. मे मध्ये सीझन चालू असतो, जुलै-ऑगस्टमध्ये गेला असतात तर दार बंद. महागडी सीट घेऊ नका, उभं राहून बघायची तिकिटं अगदी स्वस्तात मिळतात, जागा धरायला लोक रेलिंगला स्कार्फ बांधून ठेवतात, मुलीला ते फार आवडेल. आईला मात्र उभं करू नका, ती आणि नवरा कॅफेत बसूदेत. रस्त्यावर विग घालून तिकिटं विकणारे मोझार्ट भेटतील, त्यांच्या मैफली टुरिस्टांसाठीच असतात. एक सकाळ 71 नंबरच्या ट्रामने सेंट्रल दफनभूमीत जा, बीथोवन, शूबर्ट, ब्राम्स जवळजवळ आहेत. मोझार्टचं तिथे फक्त स्मारक. शोनब्रुनला अर्धा दिवस द्या, बाग बघा, 1,441 खोल्यांपैकी सगळ्या दाखवत नाहीत, बरंच आहे.

प्रश्न: आमचं लिस्बन झालंय. व्हिएन्नाला जोडून दुसरं काही? (म्हापसा)

उत्तर: बुडापेस्ट. ट्रेनने तीन तासांच्या आत. गरम पाण्याचे हमाम आणि रात्री दिव्यांनी उजळलेली डॅन्यूब, व्हिएन्नाच्या शिस्तीवर उतारा. फक्त तिथे युरो नाही, फोरिंट चालतं, आणि स्टेशनवर पैसे बदलू नका.