व्याख्या तोंडपाठ, तरी पेपर कोरा

"मॅडम, मराठी मीडियममधून आली म्हणून जमत नसेल का हो हिला?" लालबागहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न. अकरावीचं कॉलेज सुरू झालं की हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे येतातच. मुलगी कॉमर्सला. रात्री उशिरापर्यंत कविता-नाटकाच्या इंग्रजी संज्ञांची घोकंपट्टी, इंग्रजीच्या तासाआधी पोटात दुखणं, आणि चाचणीत 'या ओळीतला मेटाफर (रूपक) ओळखा' असं आलं की हात जागच्या जागी थांबलेला.

तिची वही पाहिली. अ‍ॅलिटरेशन, अ‍ॅपॉस्ट्रफी, असाइड अशी अकारविल्हे यादी, समोर लाल पेनने व्याख्या. उदाहरण एकाचंही नाही. सॉलिलोक्वी, म्हणजे स्वगत, विचारलं तर एका दमात म्हणून दाखवलं. मग मी विचारलं, "हे बोलताना स्टेजवर आणखी कोण असतं?" ती गप्प. आईकडे बघायला लागली.

दुखणं इथे होतं. मराठी माध्यमाचा त्यात काही दोष नाही, हे मी आईला तिथेच ठामपणे सांगितलं. पोरीची स्मरणशक्ती उत्तम आहे. फक्त ज्याची व्याख्या पाठ केली ती गोष्ट तिने कधी पाहिलेली नाही.

बोलता बोलता कळलं, आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात होते. १९८२च्या संपात नोकरी गेली, पण त्याआधी कामगार रंगभूमीवर हौसेने कामं करायचे. पुढच्या भेटीला त्यांनाही बोलावलं आणि एका नाटकाची गोष्ट सांगितली. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये सुतार, शिंपी, भांडी सांधणारा असे कारागीर ड्यूकच्या लग्नासाठी नाटक बसवतात. त्यातला बॉटम हा विणकर. "म्हणजे आमच्याच खात्यातला की!" आजोबा एकदम सरसावून बसले. तालमीत बॉटमच्या धडावर जादूने गाढवाचं डोकं येतं. सोबती घाबरून पळतात, आपल्याला सगळं दिसत असतं, त्याला मात्र पत्ता नाही. "आपल्याला माहीत, पात्राला नाही. याला काय म्हणतात गं?" वही न उघडता उत्तर आलं: ड्रॅमॅटिक आयरनी.

मग आजोबांनीच सूत्रं हातात घेतली. तोंडाला हात आडवा धरून, मला ऐकू येत नाही असं धरून, नातीच्या कानावर एक वाक्य टाकलं. हा असाइड. नंतर आम्हाला म्हणाले, "तुम्ही दोघी आता विंगेत जा." आम्ही दाराशी उभ्या, आणि ते एकटेच मनातलं बोलत राहिले. सॉलिलोक्वीसाठी त्या मुलीला पुन्हा व्याख्या लागली नाही.

कवितेला जास्त वेळ लागला. फ्री व्हर्सला यमक नाही आणि ठरलेला ठेकाही नाही. ब्लँक व्हर्सला यमक नसतं, पण ठेका असतो, बहुधा आयँबिक पेंटामीटरचा, म्हणजे एक हलकं, एक जोरकस अशा पाच जोड्यांचा. आपलं अक्षरगणवृत्त लघु-गुरू मोजतं, इंग्रजी आघात मोजते, त्यामुळे आपल्या कानाला ते पटकन सापडत नाही. ओळ मोठ्याने वाचून टेबलावर बोटाने ताल धरायला सांगितलं. अजून अडते, पण आता ऐकायचं काय हे तिला ठाऊक आहे.

रात्रीची घोकंपट्टी बंद केली. रोज दोनच संज्ञा, वही मिटून स्वतःचं उदाहरण लिहायचं, मगच वही उघडून पडताळायचं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. लगेच घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. पाठांतराने 'येतंय' असं वाटतं ते त्या रात्रीपुरतं.

आईला एकच काम दिलं: "किती पाठ झालं?" हे विचारणं सोडा, "करून दाखव" म्हणा.

पुढच्या चाचणीत तिने पान कोरं सोडलं नाही. एका ठिकाणी पर्सॉनिफिकेशनला (निर्जीवाला माणसासारखं वागवणं) मेटाफर लिहिलं, आणि सरांशी त्यावरून वाद घालून आली. पोटदुखीही थांबली. तुमच्या घरी मात्र पोटदुखी किंवा झोप उडणं कित्येक आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बोलायला कोणी हवं असेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.