कृत्या म्हणजे नेमकं काय?

भागवतातल्या अंबरीष राजाच्या गोष्टीत 'दुर्वासांनी कृत्या सोडली' असं वाक्य आलं आणि ते 'कृत्य'चं छपाईतलं चुकलेलं रूप आहे का, असा प्रश्न आहे. नाही, शब्द बरोबर आहे. कृत्या स्त्रीलिंगी, आणि ती 'सोडतात' किंवा 'निर्माण करतात', कारण ती कोणावर तरी धाडायची मारक शक्ती आहे. मूळ धातू कृ, म्हणजे 'करणे'. आपल्याकडे गावात 'करणी केली' म्हणतात ना, तेही करण्यातूनच आलंय, त्यामुळे दोघी सख्ख्या नसल्या तरी भावकीतल्या नक्कीच!

शब्द भयंकर जुना आहे. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात (१०.८५) येतो आणि अथर्ववेदात तर कृत्या परतवून लावायची सूक्तंच आहेत. त्यातलं १०.१ वाचाच, तिथे ती हाताने घडवलेली, डोकं नाक कान असलेली आणि लग्नातल्या नवरीसारखी सजवलेली आहे, म्हणजे बहुतेक बाहुलीच करून पुरत वगैरे असणार. आणि मागणं काय, तर जिने केलं तिच्याकडे, ज्याने केलं त्याच्याकडे परत जा.

मला मजा याची वाटते की पुराणांनी नेमकं हे परतणंच उचललं. भागवताच्या नवव्या स्कंधात दुर्वास जटा उपटून अंबरीषावर कृत्या उभी करतात, सुदर्शन तिला जाळतं आणि मग चक्र त्यांच्याच मागे लागतं. दहाव्यात काशीच्या सुदक्षिणाची गोष्ट अजून खमंग आहे, बापाला कृष्णाने मारलं म्हणून हा शंकराने सांगितलेला अभिचार, म्हणजे शत्रूला मारायचा मंत्रविधी, करतो, अग्निकुंडातून अक्राळविक्राळ आकृती निघते, द्वारकेत लोक घाबरून ओरडतायत आणि कृष्ण सभेत फासे खेळत बसलाय! चक्र तिला मागे हटवतं आणि ती काशीला परत येऊन सुदक्षिणालाच ऋत्विजांसकट, म्हणजे होम करणाऱ्या पुरोहितांसकट, जाळते. मरायला शंकराने घातलेली अटच कारण झाली, ब्राह्मणांचा हितकर्ता नसेल त्याच्यावरच हे चालेल अशी अट होती, ती याने बघितलीच नाही.

महाभारतात मात्र वनपर्वात वेगळी कृत्या भेटते. गंधर्वांकडून मार खाऊन दुर्योधन उपाशी मरायला बसलाय, तर दानव होम करून कृत्या काढतात आणि ती त्याला उचलून पाताळात पोचवते. मारणं नाही, जाळणं नाही, नुसतं कुरिअर!

तेव्हा लिहिताना 'कृत्य सोडलं' करू नका, अर्थच जातो. अनेकवचनही कृत्याच राहतं, तिथे 'कृत्ये' लिहिलं की वाचणारा करामती समजणार.